एल्कचा टॅग, पॉइंटांचा हिशोब आणि वारा: अमेरिकेतला शिकारीचा सीझन सोप्या भाषेत

ऑक्टोबर आला की कोलोरॅडोतल्या ऑफिसांमधली काही माणसं आठवडाभर गायब होतात, मग सोशल मीडियावर भडक नारिंगी जॅकेटमधले बर्फात उभे राहिलेले फोटो येतात, आणि ते फोटो फिरत फिरत आपल्याकडे पोचले की फॅमिली ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, अरे तिकडे काय कोणीही उठून हरीण मारतं का, पोलीस धरत नाहीत का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे शिकार म्हटलं की एकतर जुन्या संस्थानिकांचे वाघावर पाय ठेवलेले फोटो आठवतात नाहीतर कोर्टात वर्षानुवर्षं चालणारी केस.

तर कोणीही उठून मारू शकत नाही. कुठला प्राणी, नर की मादी, डोंगराच्या कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, कुठल्या हत्याराने, हे सगळं आधी ठरलेलं असतं आणि त्याची परवानगी बऱ्याच ठिकाणी सोडतीत लागावी लागते. मी स्वतः शिकार करत नाही, करायची इच्छाही नाही, पण करणाऱ्यांचं बोलणं खूप ऐकलंय आणि त्यातून एक गोष्ट कळली की सीझन ज्यांचा चांगला जातो ते नेमबाज म्हणून फार ग्रेट असतात असं नाही, त्यांचं फेब्रुवारी ते ऑगस्टचं काम चांगलं झालेलं असतं. ते काम काय असतं तेच इथे सांगतोय.

बिग गेम म्हणजे कोण आणि सीझन म्हणजे काय

बिग गेम म्हणजे कायद्याने शिकारीला परवानगी असलेले मोठे वन्यप्राणी. एल्क, म्यूल डिअर, व्हाइटटेल डिअर, मूस, प्राँगहॉर्न, काळं अस्वल, बिगहॉर्न मेंढे वगैरे. यातला एल्क हा आपल्या सांबराचा मोठा चुलतभाऊ समजा, पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. या लेखात मी बहुतेक एल्कबद्दलच बोलणार आहे कारण पश्चिमेकडच्या राज्यांमध्ये सगळी धावपळ त्याच्यासाठीच असते.

सीझन म्हणजे शिकारीला खुल्या असलेल्या तारखा, आणि त्या हत्यारानुसार वेगळ्या असतात. कोलोरॅडोत साधारण सगळा सप्टेंबर धनुष्यबाणवाल्यांचा, त्यात मध्ये काही दिवस मझललोडरवाल्यांचे, म्हणजे पुढून दारू ठासायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकांचे, आणि मग ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत रायफलचे चार वेगवेगळे सीझन. मोंटानात रायफलचा सीझन सलग पाच आठवडे चालतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणाची शिकार करायचे मुख्य दिवस फक्त नऊ, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाकडे येणाऱ्या सणाच्या, आधीच्या शनिवारपासून, आणि त्या नऊ दिवसांत लाखो लोक जंगलात असतात.

इतकी तुकडेतोड कशाला? कारण पूर्वी काहीच नियम नव्हते आणि त्याचे परिणाम भोगून झालेत. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी बाजारात विकण्यासाठी जी कत्तल झाली त्यात कोट्यवधी बायसन संपून शेवटी हजाराच्या आत उरले, एल्क लाखाच्या खाली गेले असं मानतात. १९०० साली लेसी कायदा आला, त्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरलं, राज्यांनीही मांसाच्या बाजारासाठी होणारी शिकार हळूहळू बंद केली. आज एल्क १० लाखांच्या आसपास आहेत, त्यातले सगळ्यात जास्त एकट्या कोलोरॅडोत, पावणेतीन-तीन लाख.

तेव्हा सीझन म्हणजे मुळात रेशनिंग आहे. राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी कळपांचा अंदाज घेतं, नर किती माद्या किती पिल्लं किती, आणि मग प्रत्येक युनिटमधून, युनिट म्हणजे नकाशावर आखलेला शिकारीचा विभाग, किती प्राणी कमी झाले तर चालतील ते ठरवतं. कळप वाढवायचा असेल तर माद्यांचे परवाने कमी, शेतांचं नुकसान होत असेल तर जास्त.

टॅग, ड्रॉ आणि पॉइंट: इथेच सगळ्यांचं डोकं गरगरतं

टॅग म्हणजे एक प्राणी मारायची परवानगी. पूर्वी तो कागदाचाच असायचा, प्राणी पडला की तारीख-सही करून त्याच्यावर बांधायचा, आता काही राज्यांत फोनवरही चालतो. साधारणपणे एक टॅग एक प्राणी, एक युनिट, एक सीझन. बुल टॅग म्हणजे नर एल्क, काउ टॅग म्हणजे मादी एल्क, त्यामुळे कोणी "या वर्षी काउ टॅग लागला" म्हणालं तर दचकू नका.

काही टॅग दुकानात किंवा ऑनलाइन सरळ विकत मिळतात, त्यांना ओव्हर द काउंटर म्हणतात, पण असे टॅग वर्षागणिक कमी होतायत. बाकीचे ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत. आपल्याला हे समजायला म्हाडाची लॉटरी पुरेशी आहे. अर्ज भरायचा, पैसे भरायचे, नाव लागलं तर ठीक नाही लागलं तर परत पुढच्या वेळी. फरक इतकाच की इथे हरलेल्याला हात हलवत परत पाठवत नाहीत, त्याला एक पॉइंट देतात, आणि हा पॉइंट पुढच्या वर्षी कामाला येतो.

कसा कामाला येतो हे मात्र प्रत्येक राज्यात वेगळं आणि लोक इथेच फसतात. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी, सरळ रांग. कोलोरॅडोत आजवर मुख्यतः हीच पद्धत. दुसरा बोनस पॉइंट, म्हणजे रांग नाही, पण जितके पॉइंट तितक्या तुमच्या नावाच्या जास्त चिठ्ठ्या डब्यात पडतात. नेव्हाडात तर पॉइंटांचा वर्ग करतात, म्हणजे ५ पॉइंट असतील तर २५ चिठ्ठ्या आणि यंदाच्या अर्जाची एक, अशा २६. ॲरिझोनात सगळ्यात जास्त पॉइंटवाल्यांसाठी २० टक्के टॅग आधी बाजूला काढतात आणि बाकी सोडतीला. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, आज पहिल्यांदा अर्ज करणारा आणि वीस वर्षं करणारा दोघे सारखेच.

रांगेच्या पद्धतीत एक मोठी गोची आहे. चांगल्या युनिटमध्ये टॅग दहा आणि रांगेत माणसं हजार असतील तर रांग दरवर्षी पुढे सरकायच्या ऐवजी लांबत जाते, कारण नवीन लोक येतच राहतात. याला पॉइंट क्रीप म्हणतात. काही युनिटांना आता वीस-पंचवीस पॉइंटही पुरत नाहीत, म्हणजे आज पंचविशीतल्या मुलाने पहिला पॉइंट घेतला तर त्याचा नंबर लागेल तेव्हा गुडघे साथ देतील का हा प्रश्न. माझं स्पष्ट मत विचाराल तर अशा नावाजलेल्या युनिटच्या मागे अर्धं आयुष्य घालवणं हा वेडेपणा आहे, आणि अनुभवी लोकही साधारण हेच करतात की एका राज्यात पॉइंट साठवत राहायचं, एका राज्यात दोन-तीन पॉइंटवर लागेल असं मध्यम युनिट धरायचं आणि एखादा सहज मिळणारा टॅग, काउ टॅग का असेना, दरवर्षी हातात ठेवायचा. प्रत्येक सीझनला जंगलात असणारा माणूस जे शिकतो ते पंधरा वर्षं अर्ज भरत घरी बसलेल्याला कधीच कळत नाही, आणि मग त्याचा स्वप्नातला टॅग लागतो तेव्हा त्याला एल्क दुपारी कुठे बसतो हेसुद्धा माहीत नसतं.

खर्चाचं पण सांगतो. जो त्या राज्याचा रहिवासी आहे त्याला एल्कचा टॅग बऱ्याच ठिकाणी शंभर डॉलरच्या आत मिळतो, बाहेरच्याला कोलोरॅडोत आठशे डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. बाहेरच्यांना टॅगही कमी ठेवलेले असतात. वायोमिंगमध्ये तर केंद्र सरकारने विल्डरनेस, म्हणजे राखीव रान, म्हणून जाहीर केलेल्या भागात बाहेरच्या माणसाला गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत असल्याशिवाय बिग गेमची शिकारच करता येत नाही. तिथल्या गाइड लोकांच्या धंद्याची ही सोय आहे अशी ओरड जुनीच आहे आणि मला तरी ती पटते.

आणि मुदती. वायोमिंगची बाहेरच्यांसाठी एल्कची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, कोलोरॅडोची एप्रिलच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये जाग आलेल्याला उरलेसुरले टॅग, पण तेही वाईट नसतात, उरलेल्यांची यादी जाहीर होते आणि तिच्यावर नजर ठेवून बसणारे लोक असतात. शिवाय टॅगच्या आधी हंटर एज्युकेशन नावाचा सुरक्षिततेचा कोर्स लागतो, कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ नंतर किंवा त्या दिवशी जन्मलेल्या प्रत्येकाला. म्हणजे आता जवळजवळ सगळ्यांनाच.

जमीन कोणाची

पश्चिमेत केंद्र सरकारची प्रचंड जमीन आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे साधारण २४.५ कोटी एकर, राष्ट्रीय वनांची १९ कोटी एकर, आणि यातल्या बहुतेक जमिनीवर टॅग असलेला कोणीही माणूस फुकटात शिकार करू शकतो. नॅशनल पार्कमध्ये मात्र साधारणपणे नाही, तो वेगळा प्रकार. टेक्सासमध्ये चित्र एकदम उलटं, ९५ टक्के जमीन खाजगी, तिथे जमीनमालकाकडून हक्क भाड्याने घ्यावा लागतो.

अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी सरकारी आणि खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक आहे, रेल्वे कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात एकाआड एक चौकोन वाटले होते त्यामुळे. मग सरकारी चौकोनातून तिरकं दुसऱ्या सरकारी चौकोनात जायचं तर दोन्हींचा फक्त कोपरा चिकटलेला. त्या कोपऱ्यावरून उडी मारली तर खाजगी जमिनीच्या वरच्या हवेतून गेलात म्हणून गुन्हा होतो का? हसू नका, वायोमिंगमध्ये यावर खरोखर केस झाली, शिकारी कोपऱ्यावर शिडी लावून खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे गेले होते, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या राज्यांना तो निकाल लागू नाही, म्हणून फोनवर जमिनीच्या मालकीचे नकाशे दाखवणारं ॲप, बहुतेकांकडे ऑनएक्स असतं, ते नेटवर्क नसताना चालेल असं डाउनलोड करून ठेवणं ही सीझनआधीची पहिली तयारी.

उन्हाळ्यातलं काम

नकाशावर बघायचं काय? एल्कला तीन गोष्टी लागतात, चारा, पाणी आणि लपायला दाट झाडी. सकाळ-संध्याकाळ ते गवताळ उघड्यावर चरतात आणि दिवसा दाट झाडीत बसून असतात, खास करून डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर, कारण तिथे ऊन कमी आणि गारवा जास्त. आणि चौथी गोष्ट म्हणजे माणसापासून लांब. रस्त्यापासून जितकं लांब, चढ जितका वाईट, तितकी शिकाऱ्यांची गर्दी कमी आणि प्राणी निवांत. सॅटेलाइट नकाशावर अशा दहा जागा हेरायच्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष जाऊन त्यातल्या निम्म्या रद्द करायच्या, याला स्काउटिंग म्हणतात.

एकच जागा ठरवून जाणारे लोक हमखास मार खातात. पहिल्या दिवशी पहाटे तिथे पोचावं तर आधीच चार गाड्या उभ्या. म्हणून हातात तीन-चार पर्याय हवेत, त्यातला एक तरी उंचावरचा आणि एक खालचा, कारण जोरदार बर्फ पडला की कळप खाली सरकतात आणि वरची सगळी तयारी वाया जाते.

शरीराची तयारी वेगळीच. एल्कची जागा बऱ्याचदा ९-१० हजार फुटांवर असते. मैदानातून आलेला माणूस पहिल्या दिवशी वजन घेऊन चढायला लागला की डोकं दुखणार, मळमळणार, झोप लागणार नाही. दोन-तीन दिवस आधी येऊन थोडं उंचावर राहणं आणि पाणी पीत राहणं याला पर्याय नाही. आणि सराव करताना रिकाम्या पाठीने पळून उपयोग नाही, पाठीवर वजन घेऊन जिने चढायचे.

नेमबाजीचा सराव पण रेंजवरच्या बाकावर बसून केलेला फार कामाचा नाही. डोंगरात बाक नसतो. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, धाप लागलेली असताना सराव केला की माणसाला स्वतःची खरी मर्यादा कळते, आणि ती बहुतेकांच्या समजुतीपेक्षा बरीच कमी निघते. त्या मर्यादेपलीकडे गोळी न झाडणं यात प्राण्याची तडफड टळते.

वारा

हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. एल्कला डोळ्यांनी फसवता येतं, कानांनीही थोडंफार, पण नाकाला नाही. माणसाचा वास गेला की कळप अख्खी दरी सोडून जातो.

डोंगरातला वारा वेळेनुसार दिशा बदलतो. रात्री हवा थंड होते, थंड हवा जड म्हणून ती पहाटे उतारावरून खाली वाहत असते. उन्हं चढली की जमीन तापते, हवा हलकी होते आणि वर चढायला लागते. संध्याकाळी परत खाली. या वर-खाली वाहणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. त्यामुळे नियम सोपा होतो, पहाटे प्राण्याकडे खालून वर जायचं, ऊन तापल्यावर वरून खाली यायचं. अवघड वेळ मधली, साडेआठ-दहाच्या आसपास कधीतरी हवा पालटते तेव्हा अर्धा तास ती कुठेही भरकटते आणि नेमकं तेव्हाच नवखा माणूस घाईने पुढे सरकतो. जाणकार तेव्हा गप्प बसून राहतात. बरेच जण खिशात बारीक पावडरची छोटी बाटली ठेवतात, दाबली की ढग उडतो आणि हवा कुठे जातेय ते दिसतं.

सप्टेंबर आणि नोव्हेंबरची शिकार म्हणजे दोन वेगळे खेळ आहेत. सप्टेंबर हा माजाचा काळ, नर जोरात आरोळ्या देतात, त्याला ब्यूगल म्हणतात, आणि तसाच आवाज काढून त्याला जवळ बोलावता येतं, म्हणून धनुष्यबाणवाल्यांना वीस-तीस मीटरवर संधी मिळते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या निम्म्यापर्यंत नर थकलेले, वजन घटलेलं, आणि ते एकेकटे दाट झाडीत गप्प बसून असतात. तेव्हा आवाज काढण्यापेक्षा उंचावर बसून दुर्बिणीने तासन् तास डोंगर चाळणं, याला ग्लासिंग म्हणतात, जास्त फळतं. फिरणाऱ्यापेक्षा बसून बघणाऱ्याला जास्त दिसतं हे ऐकायला सोपं आहे, थंडीत चार तास करून बघावं.

आणि दिवस कुठला? सगळ्यांना पहिला दिवस हवा असतो. पहिल्या वीकेंडच्या धांदलीनंतर मात्र बरेच लोक घरी जातात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत जंगल रिकामं होतं, कळप खोल झाडीत पण अंदाज करता येईल अशा ठिकाणी असतात. सुट्टी पाच दिवसांचीच असेल तर ती शनिवारपासून घ्यायच्या ऐवजी सोमवारपासून घ्यावी असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं गणित मला पटतं.

पण मग नारिंगी कपडे घातले तर हरणाला दिसत नाही का?

दिसतं, पण नारिंगी म्हणून नाही. हरणांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी, त्यांना शंकू म्हणतात, दोनच प्रकारच्या असतात, लाल-नारिंगी त्यांना भडक वाटत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. माणसाला मात्र नारिंगी लांबून दिसतो आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये हाच उद्देश. कोलोरॅडोत रायफल सीझनमध्ये कंबरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडा आणि तशाच रंगाची टोपी सक्तीची. गोळी झाडायची वेळही बांधलेली, सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास.

गोळी लागली, आता खरं काम सुरू

फोटोत हे दिसत नाही. तीनशे किलोचं जनावर गाडीपासून सहा किलोमीटरवर पडलंय, दुपारचे चार वाजलेत. एल्कची कातडी आणि केस इतके जाड की आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि मांडीच्या सांध्यापाशी हाडाजवळचं मांस आतून आधी सडायला लागतं. म्हणून ताबडतोब कातडी काढून चार क्वार्टर, म्हणजे पुढचे दोन फरे आणि मागच्या दोन मांड्या, वेगळ्या करायच्या, पाठीच्या कण्यालगतचं मांस काढायचं, हवा जाईल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत फांदीला टांगायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं तर मेहनत पाण्यात. हल्ली बरेच जण पोट न फोडताच हे सगळं करतात, कमी घाण होते. अस्वलांचा भाग असेल तर उरलेल्या सांगाड्यापासून मांस लांब टांगायचं.

एक मागची मांडी हाडासकट पंचवीस-तीस किलो भरते. एकटा माणूस असेल तर चार-पाच फेऱ्या, अंधारात, उतारावरून. हाड काढलेलं मांस साधारण ८० ते १०० किलो मिळतं, एका कुटुंबाला वर्षभर पुरतं. म्हणूनच अनुभवी माणूस प्राणी दिसल्यावर आधी विचार करतो की हा इथून बाहेर काढता येईल का, आणि येत नसेल तर बंदूक खाली ठेवतो. दरीच्या तळाशी उतरून मारणं सोपं असतं, वर आणणं नाही.

शिंगं घेऊन मांस टाकून देणं हा सरळ गुन्हा आहे. अलास्कात मूससारख्या प्राण्यांसाठी तर नियम असा की खाण्याजोगं सगळं मांस बाहेर नेऊन झाल्याशिवाय शिंगांना जागेवरून हलवायचंच नाही.

एक आजारही माहीत असायला हवा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरीणवर्गातल्या प्राण्यांना होणारा मेंदूचा आजार, १९६७ साली कोलोरॅडोत पाळीव ठेवलेल्या म्यूल डिअरमध्ये पहिल्यांदा दिसला आणि आता ३० हून जास्त राज्यांत पसरलाय. त्याला कारणीभूत असलेली प्रियॉन नावाची प्रथिनं शिजवूनही नष्ट होत नाहीत. माणसाला झाल्याची खात्रीशीर केस आजवर नाही, तरी पॉझिटिव्ह आलेलं मांस खाऊ नका असंच तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. म्हणून डोक्यातल्या लसिका ग्रंथींची टेस्ट करून घ्यायची आणि रिपोर्ट येईपर्यंत ते मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायचं. मेंदू आणि पाठीचा कणा असलेलं धड दुसऱ्या राज्यात नेण्यावर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, लांबून गाडी घेऊन आलेले लोक इथे अडकतात.

हे सगळं ठीक, पण मुळात मारायचंच कशाला?

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. "निसर्ग स्वतः संख्या सांभाळेल" हे म्हणणं तत्त्वतः बरोबर, पण लांडगे आणि मोठे शिकारी प्राणी माणसानेच बहुतेक ठिकाणी संपवले. यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे परत आणले, कोलोरॅडोत डिसेंबर २०२३ मध्ये, आणि त्यावरून पशुपालकांशी भांडणं अजून चालू आहेत. पूर्वेकडे व्हाइटटेल हरणं इतकी झालीयत की गाड्यांना धडकून दरवर्षी लाखो अपघात होतात. तिथे संख्या कमी ठेवणारं कोणीतरी लागतं, हे मान्य करावं लागतं. पण प्रत्येक शिकारी कळपाचं भलं करायला जातो असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही, माणसं आवड म्हणून जातात, मांसासाठी जातात, काही शिंगांसाठीच जातात.

"सेसिल सिंहाचं काय?" २०१५ साली झिंबाब्वेत एका अमेरिकन पर्यटकाने मारलेला तो सिंह. ती ट्रॉफी हंटिंग, पैसे मोजून भिंतीवर लावायला प्राणी मारणं. अमेरिकेतल्या टॅगवाल्या शिकारीतही ट्रॉफीचं वेड आहे, पण एल्क-हरणांचं मांस सोडता येत नाही आणि विकता येत नाही, हा मोठा फरक.

पैशाचं समर्थन नेहमी ऐकू येतं. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो, अलीकडे वर्षाला १०० कोटी डॉलरच्या आसपास. परवान्यांची फीसुद्धा दुसरीकडे वळवता येत नाही. हे खरंच हुशारीचं डिझाइन आहे. फक्त "शिकारीच सगळं संवर्धन पोसतात" असं जे म्हणतात त्यात गफलत आहे, कारण आज बंदुका विकत घेणारे बरेचसे लोक स्वसंरक्षणासाठी घेतात, जंगलात कधी जातही नाहीत आणि कर तेही भरतात.

आणि ज्यांची ही जमीन होती त्यांचं? क्रो या मूळनिवासी जमातीला १८६८ च्या कराराने मिळालेला शिकारीचा हक्क वायोमिंग राज्य झाल्याने संपला का, हा वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की संपलेला नाही. म्हणजे टॅग-ड्रॉची ही व्यवस्था सगळ्यांना सारखी लागू नाही.

भारतात हे करता येईल का, असंही विचारतात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीने ती काढली, आता जीवाला धोका किंवा पिकांचं नुकसान अशा अपवादांतच अधिकृत आदेश निघतो. मला वाटतं ते आहे तसंच बरं, कारण अमेरिकेतली व्यवस्था कळपांची दरवर्षी होणारी मोजणी, परवान्याचा वेगळा ठेवलेला पैसा आणि कोट्यवधी एकर मोकळी जमीन यावर उभी आहे, नुसत्या टॅगच्या कागदावर नाही.

आणि काहीच मिळालं नाही तर?

बहुतेकांना काहीच मिळत नाही. कोलोरॅडोत एल्कच्या टॅगवाल्यांपैकी साधारण पाचातला एकच प्राणी घरी नेतो. बाकीच्यांनी टॅग सूप खाल्लं असं म्हणतात, म्हणजे न वापरलेला टॅग उकळून प्या.

पण त्यांचाही सीझन तिथे संपत नाही. काही ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत उशिराचे काउ टॅग असतात, खाली शेतांत उतरलेल्या कळपांसाठी, त्यांना गर्दी कमी. बऱ्याच राज्यांत शिकार झाली की नाही याचा रिपोर्ट भरावा लागतो, रिकाम्या हाताने आलेल्यांनीसुद्धा, कारण पुढच्या वर्षीच्या टॅगचा आकडा त्यावरूनही ठरतो, आणि काही ठिकाणी तो न भरल्यास दंड किंवा पुढच्या अर्जाला अडथळा येतो. ज्या खोऱ्यात ताज्या लेंड्या आणि माग दिसले, जिथे दहा वाजता हवा पालटली, जिथे तीन गाड्या उभ्या होत्या, ते सगळं ॲपच्या नकाशावर त्याच आठवड्यात टिपून ठेवायचं, महिनाभराने आठवत नाही. तोवर जानेवारी उजाडतो आणि वायोमिंगचे अर्ज सुरू झालेले असतात.